साल बादलीत पडण्याआधी

प्रश्न: पंचवटीत आमचं फळांच्या रसाचं लहानसं दुकान आहे. मिस्टर आणि हाताखालचा एक मुलगा मिळून ते चालवतात, दुपारी गल्ल्यावर मी बसते. मोसंबी, अननस, डाळिंब, कलिंगड, लिंबं... रात्रीपर्यंत सालींची दोन-तीन पोती भरतात आणि सकाळी घंटागाडीत जातात. मुलगी फूड टेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणते, आई, यात फायबर आहे, पेक्टिन आहे, आपण सोनं फेकतोय. मध्यंतरी तिने मोसंबीची साल वाळवली, मिक्सरवर तिची पावडर केली आणि पोळ्यांच्या कणकेत घातली. पोळ्या कडू झाल्या. मिस्टरांनी ताट सरकवलं आणि सासूबाईंनी बजावलं, "दुकानातलं उष्टं-खरकटं माझ्या स्वयंपाकघरात आणायचं नाही." तेव्हापासून आजी-नातीत अबोला आहे. सालींचं खरंच काही खाण्याजोगं होतं का? कोणत्या घ्यायच्या, कोणत्या नाहीत? फवारणीचं काय? आणि जमलं तर दुकानात विकायला ठेवता येईल का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्रातली आजीही बरोबर आहे आणि नातही. नात बोलतेय सालीबद्दल, आजी बोलतेय बादलीबद्दल. आणि तुमच्या दुकानात सध्या बादलीबाहेरची साल असा प्रकारच नाही, म्हणून दोघींचं जुळत नाही.

ती बादली जरा डोळ्यांसमोर आणा. मोसंबीच्या सालींवर गाळणीतला चोथा, त्यावर कुणीतरी फ्रूट प्लेटमध्ये सोडलेल्या, चाट मसाला लागलेल्या चार फोडी, स्ट्रॉ, टिश्यू पेपर आणि वर घोंगावणारी चिलटं. चैत्रातल्या उन्हात हा ओला ढीग दुपारपर्यंत आंबायला लागतो. त्याला सासूबाई उष्टं-खरकटं म्हणाल्या तर त्यात सोवळ्या-ओवळ्याचं काही नाही, तुमच्या मुलीच्या प्राध्यापकांनीही जवळपास हेच सांगितलं असतं. त्या ढिगातून निवडून, धुऊन, वाळवून काहीही करायचं नाही. वाळवल्याने पाणी जातं. तोवर बुरशी धरली असेल तर तिने सोडलेलं विष तसंच राहतं.

साल ठेवायची की टाकायची, हे फळ चिरण्याआधी ठरायला हवं. सकाळी दुकान उघडलं की त्या दिवसापुरती थोडी मोसंबी, थोडी लिंबं, कलिंगडाच्या दिवसांत एखादं कलिंगड बाजूला काढा. कडक, डाग नसलेलं, देठाशी मऊ न पडलेलं. रसाच्या दुकानाला दुसऱ्या प्रतीचा माल चालवावा लागतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. ग्लासात साल दिसत नाही. पण सालीच्या कामाला डागी माल अजिबात चालत नाही. मोसंबीवर कुठे हिरवट-निळी बुरशी दिसली तर ते फळ सबंध टाका, आणि त्याला टेकून ठेवलेली फळंही हातात घेऊन बघा. बाजूला काढलेली फळं आधी धुवायची, मग चिरायची. कलिंगडाच्या बाबतीत तर हे रसासाठीसुद्धा पाळा, कारण न धुतलेल्या सालीवरची घाण सुरी थेट लाल गरात नेते. निघालेली साल झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घाला, डबा फ्रीजमध्ये ठेवा आणि त्याच रात्री, फार तर दुसऱ्या सकाळी, तिचं काय करायचं ते करून टाका. दोन-तीन पोत्यांचं सोनं व्हायचं नाही, हे मुलीला सांगायला हवं. तुमच्या हाताला लागेल ती दिवसाची एखाद-दोन किलो साल. बाकीची घंटागाडीतच जाणार, आणि त्यात काही वाईट नाही, फक्त ओल्या कचऱ्यात स्ट्रॉ जाऊ देऊ नका.

आता फवारणी. द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून हा प्रश्न पडला नसता तरच नवल. 2010 साली आपली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशांमुळे. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. 'रेसिड्यू', म्हणजे फळावर उरलेला औषधाचा अंश, हा शब्द आता दिंडोरी-निफाडकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. फळावर मारलेल्या औषधाचा अंश गरापेक्षा सालीत जास्त सापडतो, हेही खरं आहे. त्यावर घरी करता येण्याजोगा सगळ्यात बरा उपाय म्हणजे खाण्याचा सोडा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात 2017 मध्ये सफरचंदांवर याचा प्रयोग झाला. लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम सोडा, म्हणजे साधारण दोन सपाट चमचे, आणि त्यात फळं 12 ते 15 मिनिटं. सालीवर बसलेली दोन औषधं नुसत्या पाण्यापेक्षा आणि ब्लीचच्या पाण्यापेक्षा या पाण्यात चांगली निघाली. त्या दोहोंपैकी थायाबेंडाझोल नावाच्या बुरशीनाशकाचा पाचवा हिस्सा मात्र सालीत मुरला होता, तो सोड्याने निघाला नाही. तेव्हा सोड्यात भिजवा, मग हाताने चोळून वाहत्या पाण्याखाली धुवा, आणि तरीही साल रोज वाटीभर खायची वस्तू समजू नका. तोंडी लावण्यापुरती, वासापुरती, लोणच्यापुरती ठीक. स्टिकर लावलेली, मेणाने चकाकणारी, बाहेरच्या देशांतून आलेली संत्री आणि सफरचंदं यांच्या साली सोडून द्या. लांबचा प्रवास टिकावा म्हणून त्यांना काढणीनंतर बऱ्याचदा बुरशीनाशक लावलेलं असतं.

याच कारणासाठी, आणि आणखी एका कारणासाठी, डाळिंबाची साल तुमच्या यादीतून आत्ताच खोडते. आपल्याकडचं डाळिंब बागलाण, मालेगाव, देवळ्याकडून येतं, आणि तेल्या रोगाच्या भीतीने त्या बागांवर औषधाचे किती हात फिरतात ते तिकडच्या कुणालाही विचारा. फळाच्या डोक्यावरच्या मुकुटाच्या खाचांत साठलेलं सहजी धुऊन निघत नाही. दुसरं कारण म्हणजे त्या सालीत टॅनिन खच्चून भरलेलं असतं, म्हणून तर ती जिभेला तुरट लागते. टॅनिन अन्नातलं लोह बांधून ठेवतं. ज्या घरात बायकांचं हिमोग्लोबिन आधीच कमी, तिथे ही पावडर कणकेत घालणं म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्याने काढून घेणं. वैद्य अतिसारावर ही साल देतात ती औषध म्हणून, मोजून, ठरावीक दिवस. रोजच्या पोळीचं तसं नसतं. डाळिंबाच्या साली ज्यांना हव्या असतात ते रंगारी. तुरटी लावलेल्या सुती कापडावर तिचा सुरेख पिवळा चढतो, आणि लोखंडाचं पाणी लावलं की तोच करडा-काळा होतो. मुलीला हौस असेल तर एखादी जुनी ओढणी रंगवू दे.

मोसंबीपाशी जरा थांबायला हवं, कारण तुमच्याकडे सगळ्यात जास्त तीच निघते. रस काढल्यावर मोसंबीच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग साल आणि चोथ्याच्या रूपाने उरतो. पोळ्या कडू का झाल्या, याचं अर्धं उत्तर तुमच्या मिस्टरांना ठाऊक आहे. मोसंबीचा रस काढून तासभर ठेवला की कडवट होतो, म्हणून ते ऑर्डर आल्यावरच काढतात. रस काढताना फळाच्या पेशी फुटतात आणि त्यातलं द्रव्य आम्लात हळूहळू लिमोनिन होतं. कडूपणा त्याचा. सालीच्या पांढऱ्या थरात आणि बियांत ते भरपूर असतं, आणि तव्याच्या आचेने ते जात नाही. उत्तराचा दुसरा अर्धा भाग तंतूंचा. वाळलेल्या सालीची पावडर आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ओढून घेते. मुलीने नेहमीच्याच अंदाजाने पाणी घातलं असणार, म्हणून पोळ्या नुसत्या कडूच नाही, वातडही झाल्या असतील. पत्रात तुम्ही ते लिहिलं नाहीत, पण मी पैज लावायला तयार आहे.

एकूणच पावडर हा प्रकार मला फारसा पटत नाही. हल्ली ज्याची त्याची पावडर करून कणकेत, इडलीत, बिस्किटात ढकलायची पद्धत पडली आहे. ज्याला ती वस्तू आवडत नाही त्याच्या पोटात ती चोरून घालायची, असा तो मामला असतो, आणि पहिल्याच घासाला चोरी उघडी पडते. कडू वस्तू तिथे वापरावी जिथे कडूपणा शोभतो, आणि वासाची वस्तू तिथे, जिथे वास पुढे येतो. मोसंबीच्या सालीत या दोन्ही वस्तू वेगवेगळ्या थरांत, सुट्या सुट्या मिळतात.

वरचा पिवळा थर वासाचा. त्यात तेलाच्या बारीक पिशव्या असतात. साल वाकवली की डोळ्यांत फवारा उडतो तो तोच. मोसंबी पिळण्याआधी, सबंध असतानाच, बारीक किसणीवर हा पिवळा थर नुसता खरवडून घ्या. पांढरं दिसू लागलं की थांबा. हा कीस साखरेत बोटांनी चोळायचा, तेल साखरेत उतरतं आणि साखर ओलसर होऊन घमघमते. पाव किलो मैद्याच्या नानकटाईला असा एक चमचा कीस पुरे. तुपात वास धरून राहतो, त्यामुळे भट्टीतून आल्यावरही तो टिकतो. श्रीखंडात घालायचा असेल तर चिमूटभर, आणि त्या दिवशी वेलदोड्याला सुट्टी द्या.

आतला पांढरा थर पेक्टिनचा, म्हणजे जॅम घट्ट धरून ठेवणाऱ्या द्रव्याचा. मोसंबी-संत्र्याच्या वाळलेल्या सालीत 20 ते 30 टक्के पेक्टिन असतं, सफरचंदाच्या चोथ्यात 10 ते 15. बाजारातल्या जॅमच्या बाटलीवर 440 हा आकडा दिसतो ते हेच, आणि जगभरातले कारखाने ते मुख्यतः याच दोन गोष्टींतून काढतात. घरी ते वेगळं काढत बसायची गरज नाही. जानेवारी-फेब्रुवारीत सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी शहरात येते, तेव्हा घरोघरी जॅमचे प्रयोग होतात आणि बहुतेकांचा जॅम पातळ राहतो, कारण स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी असतं. मग लोक आटवत बसतात, रंग काळपट होतो आणि फळाचा वास जातो. त्याऐवजी मोसंबीचा पांढरा भाग आणि बिया मलमलीच्या पुरचुंडीत बांधा, थोड्या पाण्यात तासभर मंद आचेवर शिजवा, पुरचुंडी घट्ट पिळा आणि ते बुळबुळीत पाणी स्ट्रॉबेरीत घाला. सोबत लिंबाचा रस हवाच, आम्लाशिवाय पेक्टिन धरत नाही. किंचित कडसर झाक येते. मला ती आवडते, तुमच्या घरच्यांचं तुम्ही बघा.

आणि कडूपणा जिथे शोभतो ते मार्मालेड, म्हणजे सालीसकट केलेला जॅम. पाव किलो साल लांबट, पातळ चिरा. भरपूर पाण्यात दहा मिनिटं उकळा, पाणी फेका. पुन्हा एकदा तसंच करा. तिसऱ्या वेळी लिटरभर पाण्यात झाकण ठेवून इतकी शिजवा की फोड बोटांत सहज चिरडली पाहिजे. साखर त्यानंतरच, कारण साखर पडल्यावर साल मऊ होत नाही, उलट चिवट होते, आणि नव्वद टक्के मार्मालेडं इथेच बिघडतात. मग अर्धा लिटर मोसंबीचा रस, तीन लिंबांचा रस, पाऊण किलो साखर, बियांची पुरचुंडी, आणि मोठी आच. पुस्तकं सांगतात 104-105 अंशांवर उतरवा. ते समुद्रकाठच्या लोकांसाठी. नाशिक सुमारे 600 मीटर उंचावर आहे, इथे पाणीच 98 च्या आसपास उकळतं, त्यामुळे तुमचं मार्मालेड 102-103 ला तयार होतं. 105 ची वाट बघत बसलात तर त्याची चिक्की होईल. थर्मामीटर नसेल तर फ्रीजमधल्या गार बशीवर थेंब टाका आणि मिनिटभराने बोटाने ढकला. वर सुरकुती पडली की गॅस बंद.

लिंबाचं मी थोडक्यात आटोपणार होते, पण तुमच्या दुकानाच्या दृष्टीने मला सगळ्यात जास्त आशा त्यातच दिसते. पिळलेल्या लिंबाच्या सालीचं लोणचं सासूबाईंना माहीत नसेल असं होणार नाही. अर्धा किलो साली, 75 ग्रॅम मीठ, हळद. बरणीत चार-पाच दिवस, रोज हलवत. मग कुकरमध्ये भांड्यात ठेवून तीन शिट्ट्या, गार झाल्यावर 400 ग्रॅम गूळ, लाल तिखट, हिंग, आणि गूळ विरघळून जरा आळेपर्यंत मंद आच. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमचं नको. यात एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. पिळलेल्या सालीत आंबट उरलेलं नसतं, आणि लोणचं टिकतं ते आंबट, मीठ आणि गोड या तिघांच्या जोरावर. म्हणून पाच-सहा ताज्या लिंबांचा रस वरून घालायचाच. तो वाचवायला गेलात तर महिन्याभरात वर पांढरी साय दिसेल. अशी साय दिसली तर वरची काढून खालचं खायचं नाही, बरणी रिकामी करायची.

कलिंगडाची हिरवी पाठ काढून टाकली की उरतो तो पांढरा भाग चवीला आणि पाण्याला कोहळ्याच्या जवळचा. शेवटी दोन्ही एकाच कुळातली. म्हणून कोहळ्याचं जे जे होतं ते बहुतेक याचंही होतं: कोशिंबीर, थालीपीठ, भाजी, सांबारातल्या फोडी. पण माझं मन सांगतं, सांडगे घाला. कीस मीठ लावून घट्ट, अगदी घट्ट पिळायचा, कोहळ्यापेक्षाही जास्त पाणी निघेल. ते पाणी कढीत नाहीतर कणकेत जिरवायचं. मग भिजवून भरड वाटलेली उडदाची डाळ, वाटलेली हिरवी मिरची, जिरं, हिंग. प्रमाण मी देत नाही. ते सासूबाईंच्या हातात आहे आणि ते माझ्यापेक्षा खात्रीचं असेल. नाशिकच्या एप्रिलच्या कोरड्या उन्हात सांडगे तीन-चार दिवसांत खडखडीत वाळतात.

मुलीला मात्र टुटीफ्रुटी करू दे, तिथे तिचं शिक्षण कामी येईल. बाजारातली टुटीफ्रुटी बहुधा कच्च्या पपईची असते, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची तितकीच छान होते. बारीक चौकोनी फोडी खायच्या चुन्याच्या निवळीत तासभर ठेवायच्या, मग तीन-चार पाण्यांनी धुवायच्या. चुन्यातलं कॅल्शियम फोडीतल्या पेक्टिनला बांधतं, म्हणून फोड शिजूनही मोडत नाही. पेठा करणारे हेच करतात. मग पारदर्शक होईपर्यंत उकडायच्या आणि पातळ पाकात टाकायच्या. घाई इथे चालत नाही. एकदम घट्ट पाकात टाकलं तर फोडीतलं पाणी झरझर बाहेर येतं आणि ती सुरकुतून मनुका होते. पहिल्या दिवशी साखर आणि पाणी समसमान, मग रोज फोडी काढून पाक थोडा आटवायचा आणि फोडी परत घालायच्या, असं तीन-चार दिवस. रंगासाठी बिटाचा रस. नाही घातला तरी बिघडत नाही. तुमच्या दुकानात फालुदा किंवा आइस्क्रीम असेल तर ही टुटीफ्रुटी कुठे खपवायची हा प्रश्नच नाही.

बाकीच्यांचं भराभर सांगते. अननसाची साल ब्रशने घासून, गूळ आणि दोन लवंगा घालून उकळा, गाळा. छान सरबत होतं, फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं. मेक्सिकोत हीच साल साखरेच्या पाण्यात आंबवून तेपाचे नावाचं फसफसणारं पेय करतात. घरी गंमत म्हणून ठीक, पण विकायला ठेवू नका, त्यात थोडा मद्यार्क तयार होतो आणि बंद बाटली फुटतेही. आमरस काढल्यावर साली आणि कोया पाण्यात चोळून त्या पाण्याचं सार करतात, तेवढा आंब्याच्या सालीचा उपयोग पुरेसा आहे. आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले, चिकाने कुणाच्या ओठांभोवती पुरळ उठत असेल तर तेही नको. केळ्याची साल कच्च्या केळ्याची असेल तर उकडून, तीळ-मिरचीबरोबर परतून चटणी होते. पिकलेल्याची मी घेणार नाही. पपईची साल चिकामुळे नको. आणि पपनस कधी आणलंत तर घरात कोलेस्टेरॉलची किंवा रक्तदाबाची गोळी कोण घेतं ते आधी आठवा. पपनस आणि ग्रेपफ्रूट काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतात, गरही आणि सालही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

विकण्याबद्दल. दुकानाची अन्न सुरक्षा नोंदणी असेलच, 14 आकडी नंबर भिंतीवर लावलेला असेल. ती रसाच्या धंद्यासाठी घेतलेली असणार, तेव्हा लोणचं किंवा मार्मालेड बाटलीत भरून विकायचं तर फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर नोंदणीत तो प्रकार वाढवून घ्या. मुलगी अर्ध्या तासात करेल. बाटलीवर पदार्थाचं नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, बॅच, कधी केलं, कधीपर्यंत चांगलं, हिरवा ठिपका, नोंदणी क्रमांक, पत्ता. घटकांत 'लिंबाची साल' असं स्पष्ट लिहा, लपवू नका. लोक त्याच कुतूहलाने बाटली उचलतील. 'मधुमेहावर गुणकारी', 'प्रतिकारशक्ती वाढवते' असलं काही मात्र छापायचं नाही, मुलगी कितीही मागे लागली तरी. किती दिवस टिकतं हे अंदाजाने लिहू नका, दोन बाटल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. सुरुवात फक्त लोणच्याने करा. टुटीफ्रुटी आधी दुकानातच वापरून बघा. सांडगे घरात खा.

अबोल्याचं उत्तर यातच आलं आहे, तरी सरळ सांगते. सासूबाई दोडक्याच्या शिरांची चटणी करत असतील, दुधीच्या सालीची करत असतील. त्यांना साल परकी नाही, त्यांचा राग दुकानाच्या बादलीवर आहे. म्हणून त्यांना समजवायला जाऊ नका. पुढच्या रविवारी मुलीलाच एक धुतलेलं, सबंध कलिंगड घरी आणू दे, आजीसमोर चिरू दे आणि सांडग्यात डाळ किती घालायची ते आजीला विचारू दे. एप्रिलमध्येच उरकून घ्या. मे निम्मा झाला की वळवाचा भरवसा नाही आणि गच्चीवरचं वाळवण धावत खाली आणावं लागेल.